सात लाख, पाच गाड्या आणि आईचा कुंभार्ली घाट

प्रिय ताई,

वय २८, गाव कराड, नोकरी पुण्यात. दर शुक्रवारी रात्री घरी येतो, रविवारी संध्याकाळी परत जातो. आजवर बाबांची ऑल्टो चालवली, आता स्वतःची गाडी घ्यायची आहे. मॅन्युअलच हवी, आणि चालवताना मजा आली पाहिजे. बजेट सगळं धरून सात लाख. त्यातले तीन माझे साठवलेले, चार कर्जाचे. पाच सेकंड हँड गाड्या बघून ठेवल्यात. २०२१ ची पोलो १.० टीएसआय, सहा गिअरची, मागतायत ६.९०. २०१६ ची फियाटची अबार्थ पुंटो, ५.५०. २०१७ ची फोर्ड फिगो डिझेल, ४.२५. २०२२ ची आय-२० एन लाइन, ७.६०. आणि २०१९ ची स्विफ्ट पेट्रोल, ४.७५. ही शेवटची बाबांसाठी यादीत टाकली. बाबा म्हणतात, जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं, नवीच घे. मित्र म्हणतात, आजच्या काळात क्लच कोण दाबतं, ऑटोमॅटिक घे. जाता जाता, आईचं माहेर चिपळूणला आहे, पण तिला घाटात गाडी लागते म्हणून तीन वर्षं गेलेली नाही. कोणती घेऊ?

– क्लचप्रेमी, कराड (पत्र काटछाट करून छापलं आहे)

क्लचप्रेमी,

आईविषयीची ओळ तू अगदी शेवटी लिहिलीस, बिल देऊन झाल्यावर बडीशेप घ्यावी तशी. मी मात्र तिथूनच सुरुवात करणार आहे, कारण तुला हवी ती मजा आणि आईचं मळमळणं या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी ठरतात. ते ठिकाण म्हणजे चालवणाऱ्याचे हातपाय.

चिपळूणला उतरणारा कुंभार्ली घाट आठव. कोयनानगर सोडलं, हेळवाक गेलं, मग उतार लागला. समोर ऊस नाही तर जांभा भरलेला ट्रक, मागे एसटी. अशा रस्त्यावर गाडीचा वेग तीस ते पन्नासच्या मध्येच राहतो. तिथे १४५ घोडे असले काय आणि ८० असले काय, सगळे तबेल्यातच उभे. मजा येते ती वळणाच्या आधी ब्रेक आटोपून, तिसऱ्यातून दुसऱ्यात अलगद येऊन, गाडी न हेलकावता वळणातून काढण्यात. मागे बसलेल्या माणसाच्या हातातलं पाणी हिंदकळलं नाही तर तू गाडी चांगली चालवलीस असं समज. वळणात शिरल्यावर घाबरून दाबलेला ब्रेक आणि झटक्यात सोडलेला क्लच यांनी आईचं पोट ढवळतं. मलाही बाबांशेजारी बसून कधी त्रास झाला नाही, काकांच्या शेजारी मात्र खंडाळ्यातच पिशवी लागायची. गाडी दोघांची एकच होती.

ती गाडी म्हणजे पद्मिनी. स्टिअरिंगखाली आडवी गिअरची दांडी, १०८९ सीसीचं इंजिन, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. खंबाटकी चढून वर आलं की बाबा गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडायचे आणि रेडिएटर निवेपर्यंत चहा घ्यायचे. स्पोर्टी हा शब्द आमच्या घरात कुणी ऐकलाही नव्हता. पण उतारावर ते इंजिनाच्या आवाजावरून गिअर टाकायचे, ब्रेकला जेमतेम पाय लावायचे, आणि मला शेजारी बसून वाटायचं की हे वाद्य वाजवतायत.

म्हणून तुझी यादी मी पीएसच्या, म्हणजे इंजिनाच्या ताकदीच्या, आकड्यांवरून वाचलेली नाही. गाडी हलकी आहे का, स्टिअरिंग हाताशी बोलतं का, गिअर मनासारखा पडतो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती घेतल्यावर तुझ्या हातात काही उरतं का, हे पाहिलं.

एन लाइन पहिली बाद. ती बजेटच्या बाहेर आहे हे सोड, मुळात ती तुला हवी तशी मॅन्युअलच नाही. २०२१ ते २०२३ च्या मध्यापर्यंतच्या आय-२० एन लाइनमध्ये जो सहा गिअरचा 'आयएमटी' होता त्यात दांडी आहे, गिअर हातानं टाकायचे आहेत, पण क्लचचं पेडलच नाही. क्लच गाडी स्वतः दाबते. जाहिरातीत एजंट बिनदिक्कत 'मॅन्युअल' लिहितात, आणि एका अर्थी ते खोटंही नसतं. तीन पेडलांची खरी मॅन्युअल एन लाइन सप्टेंबर २०२३ नंतर आली. १२० पीएसचं इंजिन झकास आहे, पण टोपणनाव 'क्लचप्रेमी' घेऊन डावा पाय रिकामा ठेवायचा असेल तर तुझी मर्जी.

अबार्थबद्दल लिहिताना माझा हात जरा जड होतो. रांजणगावच्या कारखान्यातून निघालेली ती गाडी आहे. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन, १४५ पीएस, खेचण्याचा जोर २१२ न्यूटन-मीटर, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. २०१५ मध्ये दहा लाखांच्या आत एवढी ताकद भारतात दुसरं कुणी देत नव्हतं. एका ओळखीच्याची मी लोणावळ्याहून पुण्यापर्यंत चालवली आहे. जुन्या पद्धतीचं जड स्टिअरिंग, टर्बो भरला की पाठ सीटला चिकटते, आणि पेट्रोल पंपवाला नावानं ओळखायला लागतो. पण फियाटनं इथला गाड्यांचा धंदा गुंडाळून बरीच वर्षं झाली. सर्व्हिस फिल्टर मिळतील; टर्बोचा पाइप, अबार्थचाच बंपर, एखादा सेन्सर मात्र शोधावा लागेल. ज्या घरात दुसरी गाडी उभी आहे आणि मालकाला रविवारी हात काळे करायला आवडतात, त्या घराची ही गाडी. तुला सोमवारी सकाळी ऑफिस गाठायचं असतं. शिवाय ती जमिनीला लागून चालते. कराडात तुमच्या गल्लीतला गतिरोधक ती रोज पोटानं मोजेल.

फिगोला मी जवळजवळ हो म्हणणार होते. १.५ डिझेल, १०० पीएस, २१५ न्यूटन-मीटर, वजन हजार किलोच्या थोडंच वर. महामार्गावर चौथ्या गिअरमध्ये नुसता पाय ठेवला की ट्रक मागे पडतो. फोर्डचं स्टिअरिंग हा या किमतीत नेहमीच दागिना होता. तुझं महिन्याचं धावणं चौदाशे किलोमीटरच्या पुढे जातं, म्हणजे डिझेलचा हिशेबही बसतो. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, तरी सर्व्हिस आणि पार्ट्स अजून मिळतात. मग अडलं कुठे? तू पत्रात लिहिलंस, 'तिसरा मालक, सर्व्हिस बुक हरवलंय.' आठ वर्षांची टर्बो डिझेल, तीन हात फिरलेली आणि कागद नसलेली. टायमिंग बेल्ट कधी बदलला कुणालाच ठाऊक नाही, आणि तो तुटला तर इंजिन आतून फुटतं. या किमतीत हीच फिगो पहिल्या मालकाकडून, पावत्यांच्या फाइलसकट मिळाली तर मला पुन्हा लिही, मी मत बदलेन.

उरल्या पोलो आणि स्विफ्ट.

पोलोवर तुझा जीव आहे हे पत्रात दिसतंच. इतर गाड्यांना एक-एक ओळ आणि तिला चार. चूक काहीच नाही. चाकणला बनलेली ही गाडी २०२० मध्ये बीएस-६ प्रदूषण नियमांच्या वेळी १.० टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, इंजिन घेऊन आली, ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर. त्याआधीच्या पोलो जीटी टीएसआयला फक्त ऑटोमॅटिक डीएसजी गिअरबॉक्स असायचा. सहा गिअरचा मॅन्युअल टर्बो पेट्रोलला मिळाला तो याच शेवटच्या दोन वर्षांत. २०२२ मध्ये पोलो बंद झाली, त्यामुळे आता विकणारे भाव सोडत नाहीत. दार लावलं की 'थड' असा आवाज येतो त्यावर निम्मी महाराष्ट्रीय जनता भाळली आहे, मीसुद्धा. आणि एक गोष्ट स्विफ्टपेक्षा निःसंशय उजवी: ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-चाचणीत दोन एअरबॅगवाल्या पोलोला २०१४ मध्ये चार तारे मिळाले, तर तुझ्या यादीतल्या पिढीच्या स्विफ्टला २०१८ मध्ये दोनच. मी हे लपवून स्विफ्टची भलामण करणार नाही. या एका मुद्द्यावर माझं मत दोन दिवस हेलकावत होतं.

पण हिशेब मांडू. मागतायत ६.९०, घासाघीस करून समज ६.६० ला तुटली. नावावर करायचा खर्च आणि एजंट, विमा, पन्नास हजार किलोमीटर झालेल्या गाडीचे चार टायर, पहिली मोठी सर्व्हिस. सात लाख संपले. क्लच निघाला तर? एसीचा कॉम्प्रेसर बोलला तर? तुझे तीनही लाख गाडीत गेलेले असतील आणि चार लाखांचा हप्ता चालू असेल. तेरा टक्के व्याज आणि चार वर्षं धरली तर महिन्याला पावणेअकरा हजार, आणि नुसतं व्याज एक लाख पंधरा हजारांच्या घरात. शिवाय पेट्रोलचे नऊ-दहा हजार. मग घडतं काय ते मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. गाडी चाकणची, टायर गुळगुळीत, आणि मालक शनिवारी घाटात जायच्या ऐवजी घरी, कारण 'या महिन्यात जरा टाइट आहे.'

आता ती स्विफ्ट, जी तू बाबांची समजूत काढायला यादीत घुसवलीस. २०१८ मध्ये आलेली ही तिसरी पिढी. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही, ८३ पीएस, ११३ न्यूटन-मीटर. हे आकडे ऐकून तुझे मित्र जांभई देतील. त्यांना वजन विचार. नऊशे किलोच्या आत. एका टनामागे नव्वदच्या वर पीएस पडतात, आणि तेही वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरताना, जिवंत होणारे. टर्बो गाडीत कमी आरपीएमला सुस्त आणि मग एकदम धक्का असा खेळ असतो. या इंजिनात तू जेवढा पाय देशील तेवढंच उत्तर, लगेच. म्हणजे योग्य गिअरमध्ये राहायची जबाबदारी तुझी. दुसरा गिअर थोडा जास्त खेचायचा, तिसरा वेळेवर टाकायचा. ज्याला मॅन्युअल खरंच आवडतं त्याला हे ओझं वाटत नाही. गिअरची दांडी आखूड फिरते, क्लच हलका आहे, पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय भरून येत नाही. स्टिअरिंग पोलोइतकं वजनदार लागत नाही, खरंय. आवाज जास्त, पत्रा पातळ, महामार्गावर शंभरच्या पुढे ती जरा हलकी वाटते. पण शंभरच्या पुढे तुला तशी गरजही नाही.

चार लाख साठपर्यंत ती तुटावी. पहिला मालक, ४१ हजार किलोमीटर, सगळ्या सर्व्हिस एकाच ठिकाणी, असं तू लिहिलंयस. मग कर्ज चारऐवजी दोन लाखांचंच काढ, तीन वर्षांचं. त्याच तेरा टक्क्यांनी हप्ता पावणेसात हजारांच्या आसपास, व्याज त्रेचाळीस हजारांच्या आत. तुझ्या तीन लाखांतून टायर, विमा, सर्व्हिस भागेल, आणि हप्ता हलका म्हणून दर महिन्याला अडीअडचणीला काही शिल्लक. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ टायर येतात. चांगल्या कंपनीचे चार नवे टाक, ब्रेक पॅड नवे, ब्रेक ऑइल नवं, अलाइनमेंट. एवढ्यावर ती कुंभार्लीत पुढे धावणाऱ्या कुठल्याही गुळगुळीत टायरच्या पोलोला मागे टाकेल. मागे टाकू नकोस, तो भाग वेगळा.

पोलोचं दार मी पूर्ण बंद करत नाही. सव्वासहा लाखांना येत असेल, सर्व्हिसचा प्रत्येक कागद असेल, आणि मेकॅनिक हो म्हणाला, तर तारे चार आहेत म्हणून घे. त्याच्या वर एक रुपयाही नको. आणि बाजारात ग्रँड आय-१० निऑसचं टर्बो मॉडेल दिसलं तर थांबून बघ. २०२० मध्ये आलं होतं, १.० टर्बो, १०० पीएस, १७२ न्यूटन-मीटर, खरा पाच गिअरचा मॅन्युअल. फार विकलं गेलं नाही, लोकांना माहीतच नाही. बाहेरून शेजारच्या काकूंच्या गाडीसारखी दिसते आणि तिथेच तिची गंमत आहे.

बाबांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नकोस. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर उपकरासकट २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्विफ्ट आता बेस मॉडेलमध्ये तुझ्या बजेटच्या काठावर येते, सहा एअरबॅगसकट. मात्र दुकानातली किंमत म्हणजे रस्त्यावरची किंमत समजू नका. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे. हातात काही उरणार नाही, आणि २०२४ पासूनच्या स्विफ्टचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे, ते वरच्या आरपीएमला जुन्यासारखं गात नाही. पण सुरक्षितता आणि वॉरंटी यांना बाबा पहिला नंबर देत असतील, आणि आई रोज त्या गाडीत बसणार असेल, तर ही निवड मूर्खपणाची नाही. आनंदात थोडं डावं, झोपेत बरंच उजवं.

ऑटोमॅटिकवाल्या मित्रांना चहा पाज. हिंजवडीच्या रांगेत ते बरोबर असतात.

आता जुनी गाडी घेताना. तू कराडचा आहेस म्हणून हा भाग मी लांबवणार आहे. ऑगस्ट २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आणि जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर, दोन्हींत शेकडो गाड्या बुडाल्या. त्यातल्या कित्येक धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. मी स्वतः अशीच फसले आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर वर्षभरानं एका एजंटाकडून पांढरीशुभ्र गाडी घेतली, भाव जरा कमीच होता आणि मी त्याला माझी हुशारी समजत होते. उन्हाळ्यात एसी लावला की ओल्या गोणपाटाचा वास यायचा. पावसाळ्यात ताम्हिणीत ती बंद पडली ती टो करूनच आणली. आतल्या वायरिंगच्या जोडांवर हिरवी बुरशी चढलेली. मेकॅनिकनं सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवला. तळाशी, जिथे एरवी कुणी ओढत नाही, तिथे चिखलाची स्पष्ट रेघ.

तेव्हा बेल्ट शेवटपर्यंत ओढ, चारही. पुढच्या सीटखालच्या रुळांवर गंज आहे का बघ. डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बोट फिरव, बारीक गाळ हाताला लागतो. पायाखालचं कार्पेट कोपऱ्यात उचलून वास घे. हेडलाइटच्या आत धुकं साचलंय का? आरसीवर कुठलं पासिंग आहे एवढ्यावर जाऊ नकोस, एमएच-१२ ची गाडीही त्या आठवड्यात मामाकडे चिपळूणला गेलेली असू शकते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा इतिहास मागव आणि विम्याचे जुने क्लेम विचार. विकणारा हे दाखवायला कुरकुरला तर हेल्मेट उचल आणि नीघ.

ठोकलेली गाडी ओळखणं त्यामानानं सोपं. बॉनेटचे आणि दारांचे बोल्ट बघ, रंग उडाला असेल तर पाना लागलेला आहे. डेंटिंग-पेंटिंग झालं म्हणजे गाडी वाईट असं नाही, पुण्यात बिनओरखड्याची गाडी म्हणजे गॅरेजमधून बाहेर न काढलेली. पण समोरचा आतला सांगाडा ओढून सरळ केला असेल तर सौदा तिथेच संपला.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१९ च्या गाडीला २०१९ चे टायर असतील तर नक्षी कितीही छान दिसो, रबर म्हातारं झालंय. त्याचे पैसे किमतीतून काप.

चालवून बघायला सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांग की गाडी सुरू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून बघ, गरम लागलं तर तो काहीतरी झाकतोय. थंड इंजिन सुरू होताना येणारा खडखडाट आणि निळसर धूर पाच मिनिटांत गायब होतो, तेवढ्यासाठीच ही पहाट. मग मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाला चौथा गिअर टाकून पाय पूर्ण दाब. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी तिथेच, तर क्लच प्लेट गेली; प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा सेट धरून घासाघीस कर. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना 'कर्र' झालं तर आधीच्या मालकाचा हात जड होता. साठवरून सरळ ब्रेक मार, स्टिअरिंग कुठल्या बाजूला ओढतं का बघ. शेवटी आठवडाबाजाराच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून रेडिओ बंद करून सावकाश ने. शॉकअप, बुश, लिंक रॉड, सगळे आपापलं दुखणं सांगतात.

आणि तुझा स्वतःचा मेकॅनिक ने. त्याला हजार-पाचशे दे. विकणाऱ्याच्या ओळखीचा मेकॅनिक म्हणजे मुलीकडच्यांनीच ठरवलेला ज्योतिषी.

कागद थोडक्यात: फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, भरायचे राहिलेले चलन आधीच्या मालकाकडूनच भरून घे. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला टाक. त्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो; एजंट काहीही सांगू दे. दिल्ली पासिंगची पोलो लाखभर स्वस्त दिसली तरी भुलू नकोस, इथे आणल्यावर रोड टॅक्स नव्यानं भरावा लागतो. आणि फास्टॅगचा वार्षिक पास काढ. दोनशे फेऱ्या मिळतात, एक टोलनाका म्हणजे एक फेरी. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, जाऊन-येऊन आठवड्याला सहा. तुझ्या धावपळीत तो आठ महिन्यांत संपेल आणि तरीही स्वस्त पडेल.

गाडी घेतल्यावर तुझ्या डोक्यात सायलेन्सर येईल. येतोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, आणि फटफट सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात त्याचे फोटो तू पाहिले असशीलच. तो पैसा टायरला, ब्रेकला घाल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, दोन वर्षांनी बदलायचंच. ओलावा शिरलेलं ऑइल घाटात तापलं की पेडल मऊ पडतं, आणि ते कळतं तेव्हा खाली दरी असते.

उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची सवय ऑल्टोत लागली असेल तर ती ऑल्टोतच ठेव. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेक थंड राहतात. वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. गिअर खाली आणताना ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श करून आरपीएम जुळव, मग क्लच सोड. सुरुवातीला दहातले सात फसतील. टाचेनं ॲक्सिलरेटर आणि चवड्यानं ब्रेक असली कसरत करायची हौस असेल तर पहाटे मोकळ्या मैदानात, कुंभार्लीत मुळीच नाही.

हे जमायला महिना-दोन महिने जातील. तोवर आईला काही सांगू नकोस. मग एका रविवारी सकाळी लवकर निघा, पोटाला फक्त चहा-खारी, तिला पुढच्या सीटवर बसव, तिच्या बाजूची काच चार बोटं खाली. पाटण गेलं, कोयना गेली, की एकही शब्द न बोलता फक्त चालव. तिनं गाडी कुठे थांबवायला सांगितली ते मला कळव. पोफळीपर्यंत काहीच बोलली नाही तर तेही.

– तुझी ताई